डाळ, तिफण आणि पाण्याची वाट

सेंद्रिय तूरडाळीच्या पाकिटावर 'काय घातलेलं नाही' याची यादी असते. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही. अरे, मग केलं काय? माझ्या मते निम्मं उत्तर पेरणीत आणि जमिनीच्या आकारात आहे. आणि त्याचा इतिहास भारी आहे!

आधी पेरणी. १७९०च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातल्या पेरणीच्या अवजाराचं वर्णन लंडनच्या बोर्ड ऑफ ॲग्रिकल्चरला कळवलं. हे तंत्र युरोपचंच, असं तोवर तो समजत होता. आपली तिफण त्याच घराण्यातली. बी सरळ ओळीत पडलं की मधून बैलांनी कोळपणी करता येते. थोडक्यात काय, तणनाशकाची गरज कमी.

आता जमीन. १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की कडधान्यं मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन मिळवतात. म्हणजे खताचा कारखाना घरचाच! पण काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, गाठी थंडावतात आणि तूर पिवळी पडते. युरिया टाकून सावरायची सोय सेंद्रियवाल्याला नाही. त्याला पाण्यालाच वाट काढून द्यावी लागते.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संस्था सुरू झाली. तिथे रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित झाली: साधारण एक मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी, हलका उतार. १९७६पासूनच्या तिथल्या प्रयोगात नव्या पद्धतीने हेक्टरी सुमारे ५ टन धान्य मिळालं, पारंपरिक पद्धतीने सुमारे १ टन. अर्थात नव्या पद्धतीत सुधारित बियाणं आणि रासायनिक खतंही होती, पिकंही एकाऐवजी दोन. सगळं श्रेय वरंब्याला नाही.

एवढं असून शेतकऱ्यांनी काय केलं? फारसं काही नाही. वरंबे पाडायला बैलांनी ओढायचा चाकांचा गाडा होता. महागडा आणि जड. पॉल स्टार्की यांनी १९८८ साली अशा गाड्यांवर पुस्तकच लिहिलं. नावाचा अर्थ: 'परिपूर्ण, तरीही नाकारलेलं'. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. डेमो झकास, वापरणारा कुणी नाही.

कल्पना मात्र टिकली. महाराष्ट्रात आता ट्रॅक्टरच्या 'बीबीएफ' यंत्राने सोयाबीन, तूर, हरभरा पेरतात. पण यंत्र भाड्याने घ्यायचं तर पेरणीच्या त्या चारच दिवसांत ते सगळ्या गावाला हवं असतं. छोट्या शेतकऱ्याची डाळ तिथे अडते. पाकिटावर हेही छापायला हवं, नाही का?