चाकांचा काळा रंग

मीठ पिकविणाऱ्या गांवीं लोखंडाचें आयुष्य थोडें, हें सांगण्यास रसायनशास्त्र्याची गरज नाहीं. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील भाईंदरची ओळख पिढ्यान् पिढ्या मिठागरांनीं दिलेली. १९८५ मध्यें मिरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ मध्यें महानगरपालिका झाली, आगरांच्या कडेनें उंच इमारती उठल्या. खाडीवरचा वारा मात्र तोच राहिला. या इमारतींखालीं उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलींचीं चाकें पाहावीं. घेतलीं तेव्हां काजळासारखीं असलेलीं तीं आज राखेच्या रंगाचीं दिसतात. हा काळा रंग आला कोठून, गेला कोठें, आणि परत आणावयाचा तो कोणत्या रीतीनें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चाकांवरील काळा रंग ही एकच वस्तु नव्हे. १८८५ मध्यें गोटलीब डाइमलर यानें जर्मनींत केलेल्या मोटारच्या दुचाकीचीं चाकें लांकडाचीं होतीं व त्यांवर बैलगाडीप्रमाणें लोखंडी धांव होती. १८८८ मध्यें डनलॉपनें हवेची रबरी धांव काढली; तारांच्या आऱ्यांचें पोलादी चाक सायकलीवर रूढ होतेंच, तें मोटारसायकलीनें उचललें. पोलाद गंजतें, म्हणून त्यास लेप हवा. तो लेप कारखानदारांस तयारच मिळाला. जपानचें लाखकाम एका झाडाच्या चिकाचें. युरोपच्या कारागिरांस तो चीक दुर्मिळ, म्हणून त्यांनीं खनिज डांबर जवसाच्या तेलांत शिजविलें, टर्पेंटाइननें पातळ केलें आणि लेप देऊन भट्टींत भाजलें. नक्कल इतकी साधली कीं नांवही जपानचेंच राहिलें. आपल्या रंगाच्या दुकानांतून मिळणारा 'ब्लॅक जपान' हा याच घराण्यांतला.

पुढें क्रोमच्या मुलाम्याचे दिवस आले. १९५५ मध्यें मद्रासेस एन्फील्ड आणि १९६१ मध्यें म्हैसुरास जावा तयार होऊं लागली, तेव्हां रसिकांचें मन चकाकीवर होतें. काळा रंग फिरून आला तो निराळ्या देहावर. पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर २००१ मध्यें निघाली. पुढील कांहीं वर्षांत तिच्यावर व तिच्या बरोबरीच्या गाड्यांवर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं ओतीव काळीं चाकें दिसूं लागलीं. आज राखाडी झालेलीं आहेत तीं बहुतेक हींच.

आतां हा रंग उडतो म्हणजे काय होतें? काळेपणा देणारें काजळ उन्हानें सहसा विटत नाहीं. विटतो तो त्यास धरून ठेवणारा राळेचा थर. उन्हांतील अतिनील किरणांनीं तो वरून कुजतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि त्यावर विखुरलेला प्रकाश डोळ्यांस करडा भासतो. तेलाचा हात फिरवितांच चाक काळें दिसतें, कारण तेलानें तो खडबडीतपणा तात्पुरता बुजतो. पण तें तेल ब्रेकवर उतरलें तर रंगाच्या हौसेची किंमत जिवानें मोजावी लागेल. समुद्राकांठीं दुसरा शत्रु मीठ. त्यांतील मॅग्नेशियमचे क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. टवका उडालेल्या जागेंतून ती ओल लेपाखालीं शिरते आणि धातूस आंतून पोखरते.

म्हणून उपाय रोग पाहूनच करावा. गोड्या पाण्यानें मीठ धुवावें. थर शाबूत असल्यास बारीक पॉलिशनें कुजलेला पापुद्रा काढावा, एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें. थर सुटला असेल तर मात्र तो समूळ काढून नवा द्यावा लागतो, आणि येथेंच जाणत्याची गरज. पोलादाला सोसणारा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो. आजचा भुकटीचा लेप सुमारें १८० ते २०० अंशांवर भाजतात. त्यापूर्वीं बेअरिंग व रबरी सीलें काढलींच पाहिजेत, आणि उष्णता हाताबाहेर गेली तर मिश्रधातूचें बळ कमी होतें.

याहून मोठें भय निराळें आहे. काळा रंग दोष झांकतो. खड्ड्यांच्या रस्त्यांवर चाकास गेलेली तडा नव्या चकचकीत लेपाखालीं दिसेनाशी होते, आणि विकणारा व घेणारा दोघेही समाधानानें हंसतात.

या बाबतींत आमच्या जुन्या कल्हईवाल्याचा धडा घेण्यासारखा आहे. तो कथील हातीं घेण्यापूर्वीं भांडें घांसतो, तापवितो, नवसागरानें त्याचा मळ काढतो. तांबें उघडें पडलें म्हणजे तें कोठें झिजलें, कोठें फुटलें हें त्यास कळतें. मग कल्हई. पोटांत जाणाऱ्या अन्नाची जबाबदारी त्या लेपावर आहे, हें तो जाणतो. चाकावर तर सारा देहच सोंपविलेला असतो. तेव्हां जीर्णोद्धार करणारानें पहिला प्रश्न, चाक किती काळें होईल हा न विचारतां, लेप काढल्यावर खालीं काय दिसतें हा विचारावा. त्याचें उत्तर निर्वेध मिळालें तर काळा रंग खुशाल द्यावा. न मिळालें तर तें राखाडी चाक तसेंच मोडींत घालावें, हें उत्तम.