आंबेडकर–डू बॉइस पत्रव्यवहार

आंबेडकर–डू बॉइस पत्रव्यवहार हा डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि आफ्रिकन-अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार व संपादक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस (१८६८–१९६३) यांच्यात १९४६ साली झालेला पत्रव्यवहार होय. आंबेडकरांचे पत्र आणि डू बॉइस यांच्या उत्तराची स्थळप्रत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात जतन केलेली असून, संग्रहाच्या संगणकीकरणानंतर ती जगभरातील वाचकांना विनामूल्य पाहता येते.

पार्श्वभूमी

आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच शहरातून डू बॉइस 'द क्रायसिस' हे मासिक संपादित करीत. १९१० साली सुरू झालेले हे मासिक कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संस्थेचे मुखपत्र होते. आंबेडकरांनीही ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' ही पाक्षिके सुरू केली.

मे १९४६ मध्ये जाहीर झालेल्या त्रिमंत्री योजनेत संविधान सभेसाठी अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व दिलेले नव्हते. त्यामुळे त्यांच्या हक्कांचा प्रश्न निकडीचा झाला होता. जून १९४६ मध्ये 'नॅशनल नीग्रो काँग्रेस' या संघटनेने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील अन्यायाबाबत संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज सादर केला.

पत्र व उत्तर

या अर्जाची बातमी वाचून आंबेडकरांनी जुलै १९४६ च्या सुमारास डू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचे अभ्यासक असून त्यांचे लेखन वाचत आलो आहोत, असे त्यांनी कळविले. अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास आवश्यकच ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातील अस्पृश्यही याच मार्गाचा विचार करीत असल्याचे सांगून त्यांनी अर्जाच्या दोन-तीन प्रती मागविल्या.

डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. आंबेडकरांचे नाव व कार्य आपल्याला परिचित असल्याचे नमूद करून त्यांनी अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि साहाय्याची तयारी दर्शविली. आपली संस्थाही असाच अर्ज करण्याच्या विचारात असल्याचे त्यांनी कळविले. डू बॉइस यांनी संपादित केलेले 'ॲन अपील टू द वर्ल्ड' हे निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाले.

संग्रह व संगणकीकरण

डू बॉइस यांची कागदपत्रे १९७३ साली विद्यापीठाने त्यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम डू बॉइस यांच्याकडून मिळविली. सुमारे एक लाख नगांच्या या संग्रहात पत्रे, हस्तलिखिते, भाषणे व छायाचित्रे आहेत. संग्रहाचे प्रथम सूक्ष्मपट तयार करण्यात आले. परंतु ते पाहण्यासाठी वाचकाला ग्रंथालयातच जावे लागे. पुढे व्हेरायझन फाउंडेशन आणि नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द ह्युमॅनिटीज यांच्या साहाय्याने विद्यापीठाने संगणकीकरण हाती घेतले. अशा कामात पृष्ठांची प्रतिमा घेणे हा केवळ एक टप्पा असतो. प्रत्येक पत्राचा लेखक, प्राप्तकर्ता, दिनांक व विषय यांची नोंद केल्याशिवाय लाखभर कागदांतून एक पत्र शोधणे शक्य होत नाही. हा संग्रह 'क्रेडो' या नावाने महाजालावर उपलब्ध आहे.

महत्त्व

पाठविलेले पत्र बहुधा प्राप्तकर्त्याच्या दप्तरात टिकते. त्यामुळे आंबेडकरांच्या चरित्राचे हे साधन महाराष्ट्रात नव्हे, तर अमेरिकेतील संपादकाच्या कागदपत्रांत सापडते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेतली, हे सर्वश्रुत आहे. परंतु या दोन समाजांतील विचारसंबंध त्यापूर्वीचा असल्याचा लेखी पुरावा या पत्रांमुळे मिळतो.

आंबेडकरांच्या स्वतःच्या पाक्षिकांबाबत, 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मूळ अंक दुर्मीळ असल्याने अनेक अभ्यासकांसाठी हे पुनर्मुद्रणच मुख्य आधार ठरले आहे.