पुरुष-गर्भधारणेची कल्पना आणि लोकप्रतिक्रिया : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

मराठीत ‘गर्भवती’, ‘पोटुशी’, ‘बाळंतीण’ या शब्दांना पुल्लिंगी रूप नाही. भाषेला अशा रूपाची गरज कधी भासली नाही; परंतु पुरुषाला दिवस गेले तर काय होईल, ही कल्पना मात्र मानवी मनाने प्राचीन काळापासून वारंवार केली आहे. पुरुषदेहात गर्भ वाढू शकतो का, हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. ही कल्पना पुढे येताच समाज विस्मित होतो, हसतो की संतापतो, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. त्यासाठी महाभारतातील दोन कथा, विसाव्या शतकातील पाश्चात्त्य प्रचारसाहित्य व चित्रपट, भारतातील कुटुंबनियोजनाचा अनुभव आणि अलीकडील न्यायालयीन निर्णय असे टप्पे विचारात घेतले आहेत. या सर्व प्रतिक्रियांतून पुरुषाच्या देहाविषयी फारसे काही कळत नाही. स्त्रीच्या प्रसूतिश्रमांना समाजाने दिलेले मोल मात्र त्यांतून स्पष्टपणे प्रकट होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. महाभारतातील दोन कथा

महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाची कथा येते. अपत्यहीन राजासाठी ऋषींनी मंत्रून ठेवलेले पाणी राणीने प्यावयाचे होते. रात्री तहानेने व्याकूळ झालेला राजा ते अजाणता पिऊन टाकतो आणि गर्भ त्याच्याच देहात वाढू लागतो. शंभर वर्षांनी राजाची डावी कूस भेदून पुत्र बाहेर येतो. राजा मात्र मरत नाही. बालकाला पाजणार कोण, असा प्रश्न निर्माण होतो तेव्हा इंद्र स्वतःची तर्जनी त्याच्या मुखात देतो. ‘हा मला पिईल’ या अर्थाच्या इंद्राच्या उद्गारावरून त्याचे नाव ‘मांधाता’ असे पडले, अशी व्युत्पत्ती कथेतच दिली आहे.

या कथेत राजाची कोणी थट्टा करीत नाही. वंश खंडित होणे हे मोठे संकट असल्यामुळे ते दूर करणारा प्रसंग कितीही विपरीत असला तरी तो आदराने स्वीकारला जातो. मांधाता पुढे चक्रवर्ती म्हणून कीर्ती पावतो आणि पित्याच्या गर्भारपणाची आठवण त्या कीर्तीत विलीन होते. ज्या राणीसाठी ते पाणी सिद्ध केले होते तिला मात्र कथेत वाणी नाही. राजाच्या प्रसववेदनांचेही वर्णन नाही. पुरुषाच्या पोटी जन्म होतो, तेव्हा तो क्लेशाचा नव्हे तर दैवी सामर्थ्याचा विषय ठरतो.

मौसलपर्वातील कथा याच्या नेमकी उलट आहे. उन्मत्त यादव कुमार कृष्णपुत्र सांबाला स्त्रीवेष देतात, ही बभ्रूची पत्नी असल्याचे सांगतात आणि विश्वामित्र, कण्व व नारद या ऋषींना विचारतात की, हिला काय होईल? ही थट्टा ओळखून ऋषी शाप देतात की, सांबाच्या पोटी यदुकुलाचा नाश करणारे लोखंडी मुसळ जन्माला येईल. मुसळ जन्मते, त्याचे चूर्ण समुद्रात टाकले जाते. पण अखेर प्रभासक्षेत्री यादव परस्परांना मारून नष्ट होतात. या संहारावरून मराठीत ‘यादवी’ हा शब्द रूढ झाला. तो वापरताना त्या अनर्थाच्या मुळाशी पुरुषाच्या खोट्या गर्भाची थट्टा होती, याचे स्मरण क्वचितच होते. विस्मय आणि उपहास या दोन्ही प्रतिक्रिया अशा रीतीने एकाच ग्रंथात आढळतात.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेने विठ्ठलाला ‘विठाई’ आणि ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हटले. पुरुषाला आई म्हणण्यात वारकऱ्यांना कधीही विसंगती वाटली नाही. मात्र हे मातृत्व वात्सल्याचे व सांभाळाचे आहे. गर्भधारणेचे आणि बाळंतपणाचे नाही. मातेचा गौरव पुरुषालाही देता येतो, परंतु तिचे श्रम तिच्याकडेच राहतात, हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

२. प्रश्न विचारणारे भित्तिपत्रक

आधुनिक काळात या कल्पनेला लोकशिक्षणाच्या साधनाचे रूप ब्रिटनमध्ये मिळाले. तेथे १९६७ साली कुटुंबनियोजन कायदा संमत झाला, त्याच वर्षी गर्भपाताचा कायदाही झाला आणि तो १९६८ पासून अमलात आला. या पार्श्वभूमीवर आरोग्य शिक्षण परिषदेसाठी क्रेमर साची या जाहिरातसंस्थेने तयार केलेले भित्तिपत्रक १९७० च्या सुमारास गाजले. त्यात साधा लोकरी सदरा घातलेला एक तरुण पुढे आलेल्या पोटावर हात ठेवून खिन्न मुद्रेने उभा होता. दिवस तुम्हालाच जाणार असते, तर तुम्ही अधिक काळजी घेतली असती का, अशा आशयाचा प्रश्न त्याखाली होता.

चित्रावर चर्चा झाली, टीकाही झाली आणि जाहिरातकलेच्या इतिहासात त्याला कायमचे स्थान मिळाले. त्याचे सामर्थ्य प्रश्नाच्या रचनेत होते. तोपर्यंतचा प्रचार मुख्यतः स्त्रीला सावध करणारा होता. या चित्राने प्रथमच पुरुषाला उत्तरदायी धरले. चित्र पाहून हसू येते. पण ते हसू ओसरताच मूळ प्रश्न शिल्लक राहतो. युवनाश्वाच्या कथेत जे क्लेश अदृश्य राहिले, तेच येथे पुरुषाच्या चेहऱ्यावर दाखविले गेले.

३. चित्रपट आणि प्रयोगशाळा

यानंतर चित्रपटांनी ही कल्पना उचलली, ती मात्र विनोदासाठी. १९७३ साली जाक देमी या फ्रेंच दिग्दर्शकाने मार्चेल्लो मास्त्रोयानीला गर्भार पुरुषाच्या भूमिकेत सादर केले. त्यात बाजारपेठ या पुरुषाचा लगोलग जाहिरातीसाठी उपयोग करून घेते आणि अखेर गर्भारपण खोटे ठरते. १९७८ मध्ये अमेरिकेत ‘रॅबिट टेस्ट’ आणि १९९४ मध्ये ‘ज्युनियर’ हे चित्रपट आले. ‘ज्युनियर’मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरसारख्या पीळदार शरीराच्या नटाला गर्भवती शास्त्रज्ञ केले होते. बलदंड देह आणि हळवे डोहाळे यांतील विसंगतीवर सारा विनोद उभा होता. तोच अनुभव स्त्रीच्या वाट्याला येतो तेव्हा तो नित्याचा म्हणून दुर्लक्षिला जातो, हे या विनोदाचे न बोललेले गृहीतक होय.

विज्ञानक्षेत्रातही चर्चा सुरू होती. ब्रिटिश वंध्यत्वतज्ज्ञ रॉबर्ट विन्स्टन यांनी १९९९ साली पुरुषाच्या उदरपोकळीत गर्भ वाढविणे तत्त्वतः शक्य असल्याचे मत मांडले, तेव्हा वृत्तपत्रांत मोठी खळबळ उडाली. गर्भाशयाबाहेर उदरात वाढणारा गर्भ स्त्रीच्याही जिवाला घातक ठरू शकतो. वार जेथे रुजते तेथून होणारा रक्तस्राव आवरणे अत्यंत कठीण असते. पुरुषाच्या बाबतीत हा धोका सर्वांना तत्काळ जाणवला. स्त्रीच्या बाबतीत प्रसूतीची जोखीम मात्र शतकानुशतके निसर्गनियम म्हणून स्वीकारली गेली होती. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असतो, असे मराठी समाज सहजपणे म्हणत आला. त्या म्हणण्यातील मृत्यूची सूचना मात्र सवयीने बोथट झाली.

४. भारतातील प्रत्यक्ष उत्तर

ब्रिटिश भित्तिपत्रकाने पुरुषाला विचारलेला प्रश्न महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचित नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. नको असलेल्या बाळंतपणातून सुटका हा स्त्रीचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. या कार्यापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकपदाचा त्याग करावा लागला. महाविद्यालयीन जगताने आपल्याच एका अध्यापकाला दिलेली ही प्रतिक्रिया या इतिहासाचा भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला. पुरुषनसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व कमी जोखमीची असल्याने प्रारंभीच्या दशकांत तिच्यावर बराच भर होता. परंतु आणीबाणीच्या काळात या कार्यक्रमाने सक्तीचे रूप धारण केले. १९७६-७७ या वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवरील होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

१९७७ च्या निवडणुकीत या सक्तीविरुद्धचा रोष व्यक्त झाला. तो न्याय्यच होता. मात्र त्याचा परिणाम विचित्र झाला. पुरुषावर सक्ती नको, या बोधातून पुरुषावर जबाबदारीही नको, असा व्यवहार रूढ झाला आणि कार्यक्रमाचा भार स्त्रियांवर सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण ०.३ टक्के होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात शस्त्रक्रिया शिबिरांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्यास सांगितले. गर्भ ज्याच्या पोटी नाही त्याने काळजी किती घ्यावी, या प्रश्नाचे समाजाने आचरणातून दिलेले उत्तर या आकड्यांत आहे.

५. उपहासाची झळ

पुरुषाचे वाढलेले पोट हा लोकव्यवहारात विनोदाचा विषय असला, तरी त्याची झळ प्रत्यक्ष माणसाला कशी लागते याचे उदाहरण विदर्भातील आहे. तेथील एका शेतमजुरी करणाऱ्या पुरुषाचे पोट वर्षानुवर्षे वाढत गेले आणि लोक त्याला गर्भार म्हणून चिडवीत राहिले. १९९९ साली श्वास घेणे कठीण झाल्यावर मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. अर्बुद समजून उघडलेल्या पोटात अविकसित जुळ्या भावंडाचे अवयव आढळले. ‘गर्भांतर्गत गर्भ’ ही ती जन्मजात अवस्था होय. साधारणतः पाच लाख जन्मांत एक असे तिचे प्रमाण सांगितले जाते. तिचा गर्भधारणेशी काहीही संबंध नाही. तथापि देशोदेशींच्या माध्यमांनी पुढे त्याची ओळख करून दिली ती ‘गर्भवान पुरुष’ अशीच. वैद्यकाने सत्य सांगितल्यानंतरही उपहासाने दिलेले नाव टिकून राहिले.

६. नोंदवही आणि न्यायालय

एकविसाव्या शतकात ही कल्पना वेगळ्या अर्थाने वास्तवात आली. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या, परंतु पुरुष म्हणून जगणाऱ्या पारलिंगी व्यक्तींनी गर्भाशय कायम असल्याने अपत्यांना जन्म दिला. अमेरिकेतील थॉमस बीटी २००८ साली दूरचित्रवाणीवर आले तेव्हा कुतूहल, अभिनंदन आणि निर्भर्त्सना यांचा त्यांच्यावर एकदम वर्षाव झाला. पुढे अॅरिझोनातील कनिष्ठ न्यायालयाने त्यांचा विवाहच मान्य करण्यास नकार दिला. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

इंग्लंडमध्ये अशाच एका जन्मदात्याने अपत्याच्या दाखल्यावर ‘पिता’ अशी नोंद मागितली. गर्भ धारण करून जन्म देणारी व्यक्ती कायद्याने पुरुष असली तरी ती ‘माता’च होय, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला, २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये कोझिकोड येथे एका पारलिंगी दांपत्याला अपत्य झाले. जन्मदाखल्यावर माता व पिता यांऐवजी केवळ ‘पालक’ अशी नोंद असावी, ही त्यांची मागणी केरळ उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मान्य केली. एका देशात ‘माता’ या शब्दाची व्याप्ती वाढली, तर दुसऱ्या ठिकाणी नवा शब्द योजला गेला. दोन्ही ठिकाणी भाषेला आपली रिकामी जागा प्रथमच जाणवली.

समारोप

पुराणात विस्मय, चित्रपटात हास्य, वृत्तपत्रात खळबळ आणि न्यायालयात शब्दांचा तंटा अशी या कल्पनेवरील लोकप्रतिक्रियांची वाटचाल दिसते. काळ बदलला तरी एक धागा समान राहतो. गर्भारपणातील थकवा, वेदना व मृत्यूची शक्यता या गोष्टी पुरुषाच्या संदर्भात येताच लक्षवेधी ठरतात आणि स्त्रीच्या संदर्भात त्या नित्याच्या होतात. त्यामुळे पुरुष-गर्भधारणेची कल्पना ही केवळ अद्भुत किंवा हास्यास्पद म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. आपल्या समाजाने मातृत्वाचा गौरव मुक्तहस्ताने केला. त्यातील श्रमांची वाटणी मात्र केली नाही. भित्तिपत्रकावरील त्या तरुणाने विचारलेल्या प्रश्नाला ०.३ टक्के हे उत्तर जोवर कायम आहे, तोवर तो प्रश्न इतिहासजमा झाला असे म्हणता येत नाही.