एका मतदारसंघाचे दोन खासदार

पेणकरपाड्यासह मिरा-भाईंदरचा परिसर ज्या ठाणे लोकसभा मतदारसंघात आज मोडतो, तो आता शहरी झाला आहे. १९५७ साली याच नावाचा मतदारसंघ भातखाचरांचा, गवताच्या कुरणांचा आणि आदिवासी पाड्यांचा होता. त्याचा विस्तार एवढा, की तेथून दोन खासदार निवडले जात. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती एकाच उमेदवाराला देता येत नसत. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला एक जागा राखीव असे. १९६१ च्या कायद्याने ही द्विसदस्य पद्धत बंद झाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्या वर्षी दोन्ही जागा कम्युनिस्ट पक्षाकडे गेल्या. राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा आणि सर्वसाधारण जागेवर शामराव परुळेकर निवडून आले. इतिहास परुळेकरांविषयी पुष्कळ बोलतो, मातेरांविषयी फार थोडे. आम्हांला हे खटकते, कारण ज्यांच्या नावाने लढा झाला त्यांच्यातलाच एक माणूस दिल्लीला गेला होता.

परुळेकरांचा प्रवास सरळ नव्हता. भारत सेवक समाजाचे ते सदस्य. पुढे डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ साली ते मुंबई विधानसभेत गेले. १९३८ च्या जानेवारीत खोती पद्धतीविरुद्ध मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातही ते होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले. १९४५ साली पत्नी गोदावरीबाईंसह त्यांनी वारली बांधवांना वेठबिगारी आणि लग्नगडीची गुलामी नाकारण्यास उभे केले. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे आयुष्य काढावे, ही ती प्रथा! ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड हा त्या लढ्यातील पहिला हुतात्मा.

लाल बावट्याकडे आपल्या ख्रिस्ती समाजाने संशयाने पाहिले, आणि त्याला कारणही होते. १९४९ साली रोमच्या पवित्र कार्यालयाने कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होण्यास श्रद्धावंतांना मनाई केली होती. निरीश्वरवादाशी आमचा समेट नाही. परंतु पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा जो हक्क सांगितला, तोच आपल्याच जिल्ह्यातील जंगलपट्टीत कोणी मागत असताना, मागणारा कोण हे आधी पाहावे की मागणी काय आहे हे? हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनाही टाळता आला नसावा.

खासदारकीची मुदत १९६२ साली संपली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी, मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच शामरावांचे निधन झाले. गोदावरीबाईंनी वारली लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मातेरांचे चरित्र मात्र आमच्या पाहण्यात आलेले नाही.