वेगळे ताट

आमच्या सिल्लोडच्या गल्लीत एक काकू होत्या. त्यांना कर्करोग झाल्याचे कळले त्या दिवाळीत घरच्यांनी त्यांचे ताट वेगळे केले. माणसे वाईट नव्हती; रोग म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे वैरी, एवढेच त्यांनी ऐकले होते. उरलेली अर्धी हकिकत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

ती अशी. १८९१ साली न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम कोली यांनी गाठ झालेल्या रोग्याला मुद्दाम जंतू टोचले. शरीर तापाने पेटून उठले आणि गाठ ओसरू लागली! पुढे सर्वांना हा गुण आला नाही. पण शरीराचे पहारेकरी जागे झाले तर गाठीशीही झुंजतात, एवढे दिसून आले.

आपल्याकडे १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली शिकून पुण्याच्या कमल रणदिवे १९४९ साली डॉक्टरेट झाल्या. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी दाखविले, की कर्करोगात विषाणू आणि शरीरातील संप्रेरके यांची सांगड असते. आमचा मका पेरणारा शेतकरी हे चटकन ओळखील: नुसत्या बियाण्याने पीक येत नाही, भुईही तशी लागते.

या भुईचा मोठा तुकडा म्हणजे आपले आतडे. तेथे अब्जावधी जंतू नांदतात आणि प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींची सर्वांत मोठी वस्तीही तेथेच असते. पहारेकऱ्यांना चेतविणारी नवी औषधे आतड्यात विशिष्ट जंतू असले तर अधिक लागू पडतात, असे २०१५ साली उंदरांत आणि २०१८ साली रोग्यांत आढळले. २०२० साली असे दिसले, की ज्या गाठींत प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींच्या कुळातील पेशींनी तळ ठोकला होता, त्या रोग्यांना या औषधांचा गुण अधिक आला. मात्र आतड्यातले काही जंतू उलट गाठीलाच हातभार लावतात; घरात सोयरे असतात तसे चोरही असतात.

म्हणून ताकाच्या वाटीने कर्करोग बरा होतो, असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. गाठ दिसताच रुग्णालय गाठा. आणि कर्करोग ताटातून ताटात जात नाही, हेही ध्यानात ठेवा. काकू आता नाहीत. पण यंदा कोणाच्या घरी असा रोगी असेल, तर त्याचे ताट पंगतीतच मांडा.