वारुळातील सूक्ष्मजीव : वनमुंग्यांचे उदाहरण

पाचोळ्याचे ढीग रचून राहणाऱ्या मुंग्यांच्या वारुळांत वाढणारे जीवाणू, बुरश्या आणि किण्व यांचा समुदाय. मराठी वाचकाच्या ओळखीची वारुळे बहुधा वाळवीची, मातीची आणि टणक असतात. ही नोंद मात्र युरोप व उत्तर आशियातील सूचिपर्णी जंगलांत राहणाऱ्या वनमुंग्यांच्या, म्हणजे फॉर्मिका रुफा गटातील जातींच्या वारुळांविषयी आहे, कारण या विषयावरचे भरीव संशोधन मुख्यतः त्यांच्यावरच झाले आहे. स्प्रूस आणि पाइनच्या सुया, काटक्या, सालीचे तुकडे व राळेचे खडे यांचा हा घुमटाकार ढीग एक मीटरहून उंच होऊ शकतो, आणि त्यात लाखो कामकरी मुंग्या नांदतात. कुजू शकणारा एवढा पाला एका जागी, आत ऊब, वर रोज येणारे गोड आणि मांसल अन्न अशा ठिकाणी सूक्ष्मजीवांचे रान माजायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि वारूळ निर्जंतुकही नसते. म्हणून त्याला सूक्ष्मजीवांपासून राखलेला किल्ला मानणे जितके चुकीचे, तितकेच त्याला खतखड्डा मानणेही चुकीचे. मुंग्यांच्या नित्याच्या कामांतून ओल आणि रसायने यांवर जो ताबा राहतो, त्यातून कोणते सूक्ष्मजीव, कुठे आणि किती वाढणार हे ठरते. उपलब्ध पुराव्याशी हेच चित्र सर्वांत जुळते.

या ताब्याची मुख्य दोरी ओल ही आहे. स्वीडनमध्ये या वारुळांचा अभ्यास झाला तो कार्बन व नायट्रोजन मोकळे होण्याची ती केंद्रे असावीत या अपेक्षेने. पण नांदत्या वारुळाच्या आतील पाला इतका कोरडा निघाला की कुजण्याचा वेग पाण्याअभावीच रोखला गेल्याचे दिसले. हा कोरडेपणा आपोआप येत नाही. घुमटाचा उतार आणि वरच्या थरातील बारीक, दाट रचलेल्या सुया पावसाचे पाणी बरेचसे बाजूला काढून देतात. आतली ऊब ओल बाहेर ढकलते. आणि मुंग्या पाला सतत खालीवर करत राहतात. वारुळाच्या पृष्ठावर रंग फवारून पाहिलेल्या प्रयोगात रंगीत सुया काही दिवसांत आत गडप झाल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा वर दिसू लागल्या. बाहेरून निश्चल दिसणारा ढीग आतून असा फिरत असतो, आणि एकाच जागी ओलसर पडून राहण्याची संधी बुरशीच्या तंतूंना सहसा मिळत नाही. काठाला आणि तळाकडे मात्र ओल टिकते. तिथे कुजणे चालू राहते, आणि फिनलंडमधील फॉर्मिका अक्विलोनियाच्या वारुळांत पाचोळ्यात राहणारी गांडुळे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कितीतरी अधिक सापडली आहेत. पाल्यावरची बुरशी खाऊन ही गांडुळे वारूळ बुरसटू देत नसावीत, असा तर्क तेथील अभ्यासकांनी मांडला आहे. आम्लधर्मी जंगलजमिनीच्या तुलनेत वारुळाचा सामू उदासीनतेकडे झुकलेला असतो, हेही गांडुळांना आणि अनेक जीवाणूंना मानवणारे.

वास्तव्य करणाऱ्यांची यादी पाहिली तरी हाच निष्कर्ष निघतो. वारुळातील जीवाणू आणि बुरश्या यांचा समुदाय शेजारच्या जमिनीतल्या समुदायाहून वेगळा असतो, आणि तो मुंग्यांच्या शरीरातल्या समुदायाशीही एकरूप नसतो. रशियातील अभ्यासांत वनमुंग्यांच्या वारुळात किण्वांची संख्या लगतच्या मातीपेक्षा जास्त आढळली, आणि तीही निराळ्या जातींची. जंगलाच्या पाचोळ्यात आणि मातीत नेहमी भेटणाऱ्या किण्वांऐवजी वारुळात डेबॅरिओमायसिस हॅन्सेनीसारखी किण्वे ठळकपणे दिसतात. साखर आणि कोरडेपणा दोन्ही सोसणारे हे किण्व इथे मुक्कामाला असावे यात नवल नाही, कारण झाडांवरील मावा जो गोड चिकट स्राव सोडतो तोच वनमुंग्यांच्या आहाराचा मोठा हिस्सा असतो आणि तो मुंग्यांच्या पोटातून वारुळात येत राहतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. समुदाय वेगळा असण्याला मुंग्यांचा ‘ताबा’ कशाला हवा? कच्चा माल वेगळा, म्हणून रहिवासी वेगळे, एवढेच म्हणता येईल. साखर, किड्यांचे अवशेष, राळ आणि सुया एकत्र टाकल्या तर कोणीही न ढवळता निराळाच समुदाय उगवेल. यातला अर्धा भाग मान्य करावाच लागतो. किण्वांच्या बाबतीत तर कच्च्या मालाचेच पारडे जड दिसते. पण मालच सर्व काही ठरवत असेल तर मुंग्या निघून गेल्यावरही ढीग बराच काळ तसाच राहायला हवा. तसे घडत नाही. वसाहत मेली किंवा दुसरीकडे हलली की त्याच सुया, त्याच काटक्या ओल धरू लागतात, पृष्ठावर झाडोरा उगवतो, बुरशी पसरते आणि ढीग खचत जातो. वर्षानुवर्षे साठलेली पोषकद्रव्ये मग हळूहळू जमिनीत उतरतात. सामग्री तीच, फक्त राबणाऱ्या मुंग्या गेल्या. निसर्गानेच केलेला हा प्रयोग आक्षेपाला पुरेसे उत्तर देतो.

ऊब कुठून येते हा या विषयातला जुना वाद. वसंत आणि उन्हाळ्यात मोठ्या वारुळाचा गाभा साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअस असतो, बाहेरच्या हवेपेक्षा बऱ्याचदा कितीतरी अधिक. 1980 साली कोएनेन-स्टास आणि सहकाऱ्यांनी फॉर्मिका पॉलिक्टेनाच्या वारुळातली सामग्री उष्णतामापकात ठेवून मोजली आणि पाल्यातील सूक्ष्मजीवांचा या उबेत मोठा वाटा असल्याचे मांडले. उलट फिनलंडमधील रोझेनग्रेन यांच्या गटाने मुंग्यांच्या स्वतःच्या चयापचयाला अधिक महत्त्व दिले. वसंतात वारुळावर ऊन खाऊन तापलेल्या मुंग्या आत शिरतात आणि ती ऊब सोबत नेतात, हेही खरेच. दोन्ही बाजूंना आपापल्या मोजमापांचा आधार असेल तर बहुधा दोघांची वारुळेच निराळी असतात. चेक अभ्यासक यान फ्राउझ यांनी ओली आणि कोरडी वारुळे वेगळी काढली तेव्हा ही गाठ सैल झाली. कोरडे वारूळ उष्णता धरून ठेवते, तिथे मुंग्यांची ऊब पुरते. ओले वारूळ उष्णता लवकर गमावते, पण ओलीमुळेच सूक्ष्मजीव जोमाने श्वसन करतात आणि तूट भरून काढतात. म्हणजे सूक्ष्मजीवांना दडपणे हा मुंग्यांचा सरसकट लाभ नव्हे. काही वारुळांत त्यांच्याच जळणावर पिल्ले वाढतात.

रसायनांच्या बाजूचा पुरावा स्वित्झर्लंडच्या ज्युरा पर्वतातील फॉर्मिका पॅरालुगुब्रिस या जातीवर गोळा झाला. मोठ्या वारुळात राळ किलोंच्या हिशेबात साठते. क्रिस्ट, शापुइसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवले की राळ असलेल्या वारूळसामग्रीत जीवाणू आणि बुरश्या कमी वाढतात. 2007 मध्ये त्याच गटाने स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जीवाणू आणि मेटारायझियम ही कीटकनाशक बुरशी यांचा संसर्ग करून पाहिला. राळ असताना जीवाणूच्या संसर्गातून प्रौढ मुंग्या व अळ्या दोन्ही, तर बुरशीच्या संसर्गातून अळ्या अधिक प्रमाणात वाचल्या. महाराष्ट्रात उसातील हुमणीवर जी बुरशी मुद्दाम सोडली जाते ती हीच, त्यामुळे तिचा दणका ऊस पिकवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. पुढे 2017 साली असेही दिसले की मुंग्यांच्या सहवासात ठेवलेल्या राळेत फॉर्मिक आम्ल आढळते आणि अशी राळ नुसत्या राळेपेक्षा बुरशीला जास्त मारक ठरते. झाडाचे द्रव्य आणि मुंगीच्या विषग्रंथीतले द्रव्य एकत्र आल्यावर दोन्हींची ताकद वाढते.

यावर दोन शंका घेतल्या जातात. पहिली अशी की राळेचे खडे हे आकाराने सोयीचे बांधकामसाहित्य आहेत, औषधी परिणाम हा योगायोग. पण काटक्या, लहान दगड आणि राळ समोर ठेवल्यावर मुंग्यांनी राळेला स्पष्ट पसंती दिली, त्यामुळे नुसत्या आकाराचे कारण टिकत नाही. दुसरी शंका अधिक टोकदार आहे : औषधच म्हणायचे तर रोग आल्यावर राळेचा उपसा वाढायला हवा, आणि 2008 च्या प्रयोगांत बुरशीचा संसर्ग झाला तरी तो वाढला नाही. या निरीक्षणाने ‘औषधोपचार’ हा शब्द सैल ठरतो, पण मूळ मुद्दा पडत नाही. इथे उपचार नसून आधीची खबरदारी आहे, रोगी दिसो वा न दिसो चालणारी. ओल काढण्याच्या कामाशी तिचा मेळ बसतो तो यामुळेच, कारण तीही कोणत्याही संकटाची वाट पाहत नाही. त्यात मुंग्यांचा हेतू शोधण्याची गरज नाही. राळ आणणाऱ्या वसाहतींची पिल्ले अधिक जगली, तर ती सवय टिकायला तेवढे पुरते.

वारुळातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची मोजमापे वाचताना हे सर्व ध्यानात ठेवावे लागते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने वारूळ भोवतालच्या जंगलजमिनीपेक्षा कितीतरी जास्त वायू सोडते, पण वारुळांनी व्यापलेली जागा इतकी थोडी की पूर्ण जंगलाच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा किरकोळच राहतो. शिवाय त्या वायूत मुंग्यांचे श्वसन किती आणि सूक्ष्मजीवांचे किती हे गाभा आणि काठ, ओले आणि कोरडे वारूळ, वसंत आणि शरद यांनुसार बदलते. सगळ्या ढिगाचा एकच नमुना मिसळून काढलेली सरासरी म्हणूनच फसवी ठरते. कोरडा गाभा आणि ओला काठ यांचे नमुने वेगवेगळे घेऊन, त्यांतली ओल नोंदवून केलेलीच मोजणी ग्राह्य धरावी.