पोलादाचे मोल

प्रवासात आणि रोजच्या वापरात, पाण्यात आणि समारंभात एकच उंची घड्याळ मनगटावर असावे, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण विभागणी निराळी होती : समारंभाला सोन्याचे पातळ घड्याळ, कष्टाच्या कामाला पोलादाचे दणकट. धातूवरून घड्याळाची, आणि ते बांधणाऱ्याचीही, प्रतिष्ठा ठरत असे.

ही उतरंड १९७२ साली हलली. ऑदमार पिगे या स्विस पेढीने बाझेलच्या प्रदर्शनात ‘रॉयल ओक’ मांडले. जेराल्ड जेंटा यांनी त्याचा आराखडा एका रात्रीत काढला, असे ते स्वतः सांगत. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून सुचलेली अष्टकोनी कड, तीवर उघडे दिसणारे आठ स्क्रू, ३९ मिलिमीटरचा व्यास आणि आत अवघ्या ३.०५ मिलिमीटर जाडीचे स्वयंचलित यंत्र. धातू मात्र पोलाद, आणि किंमत अनेक सुवर्णघड्याळांहून अधिक! ग्राहक येथे धातूचे नव्हे, तर त्या कठीण धातूला पैलू देणाऱ्या हातांचे मोल देत होता.

काळही कसोटीचा होता. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले होते. हे तंत्र पुढे स्वस्त होत गेले, तशी अचूकता ही कारागिराची मिरास उरली नाही. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार माणसे होती; १९८० च्या दशकाच्या मध्यास ती ३० हजारांच्या आसपास उरली. १९७६ साली जेंटा यांचेच ‘नॉटिलस’ पाटेक फिलिपने आणले, तेव्हा पाण्यातल्या पोशाखापासून मेजवानीच्या पोशाखापर्यंत कुठेही शोभणारे घड्याळ अशीच त्याची जाहिरात होती.

मात्र मूळ ‘रॉयल ओक’ परदेशी वेळ दाखवीत नसे. ती सोय रोलेक्सने १९५५ साली पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांसाठी चोवीस तासांच्या काट्याने केली होती. म्हणून निवड करणाऱ्याने आधी आपला प्रवास पाहावा, मग नाव.

दैव असे, की सोन्याची उतरंड मोडणारे पोलादच आज नव्या प्रतिष्ठेचे चिन्ह झाले आहे. त्याला मोल देणारे हात मात्र पुन्हा नावाआड गेले आहेत.